फोटो निघेपर्यंत हलायचं नाही

माझ्याच बाकावरचा रेवणसिद्ध विमान चालवायला निघाला, तेव्हा आमच्या मास्तरांना पटेना. "अरे, त्याला सायकल येत न्हाई!" म्हणाले. खरंच येत नव्हती. शेवटपर्यंत आली नाही. पण एकाहत्तरच्या लढाईत यानं फोटोचं विमान चालवलं.

ते काय असतं, हे त्यानं मला लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात गुळाच्या ढेपेवर बसून सांगितलं. त्यात बंदूक नसते. शत्रूच्या पुलावर जायचं आणि कॅमेरा सुरू झाला की एका उंचीवर, नाकासमोर उडायचं. खालून तोफा सुटल्या तरी वळायचं नाही. वळलं की फोटो बिघडला, आणि उद्या तिथंच दुसऱ्या कुणाला तरी मरायला जावं लागणार.

"मग भ्याव न्हाई वाटत?" मी विचारलं.

"वाटतं की. हात तेवढा हलू द्यायचा नसतो."

त्याचा सोबती अनिमेष, बंगाली पोरगा. तो विमानाच्या नाकात पालथा पडून खालचं बघायचा. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, कानातल्या यंत्रातून आवाज तेवढा. एकदा पुलावर असताना धडाका झाला. रेवणसिद्ध वळला नाही. फोटो निघाले. मग "अनिमेष, बोल... अनिमेष, बोल" करत हा तळापर्यंत आला. अनिमेष बोललाच नाही. फोटो झकास आले होते. पदक मिळालं, ते यानं कधी कुणाला दाखवलं नाही.

पुढं नोकरी सोडून तो लातुरात आला. क्लासचं पेव फुटायला लागलं होतं, पत्र्याच्या शेडात ही गर्दी. हा गणित शिकवायचा. पोरं हसायची, "सर फळ्यापुढं खांबावानी उभे राहतात."

त्र्याण्णवला गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंप झाला. दोघं जीप करून गावी गेलो, तर गाव कुठलं, दगडमातीचे ढीग! त्याची बहीण नागुबाई घराच्या कोसळलेल्या माळवदाखाली अडकली होती. तिचा आवाज येत होता. नवऱ्याचा, सून विनीताचा येत नव्हता.

तिच्यावरच्या तुळईला टेकू मिळेना. रेवणसिद्धानं खांदा दिला. बाकीचे आम्ही हातांनी दगड उपसायला लागलो.

"नागे, बोल!"

"काय बोलू मुडद्या? तोंडात माती जायलीय!"

"तरी बोल."

"लहानपणी माझ्या ताटातलं पळवायचास, ते बोलू का?"

तिचे खांदे मोकळे झाले आणि जमीन पुन्हा हलली. जो तो पळाला. धूळ बसली तर हा तिथंच, तुळईखाली, "नागे, बोल" चालूच. परत धावलो, तिला ओढून काढलं. "आली रे, सोड आता!" म्हणालो. पण त्याचा खांदा बधिर झाला होता. तुळई निसटली ती त्याच्या उजव्या हातावर. हात कापावा लागला.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा नागुबाई त्याच्या खाटेशी बसून ओरडत होती. "माझी विनीता आत ऱ्हायली! मला म्हातारीला कशाला काढलंस? तिला का न्हाई काढलं रे? सांग की!"

नर्स तिला गप करायला आली.

रेवणसिद्धानं डोळे उघडले. "बाई," म्हणाला, "गप करू नका. बोलू द्या तिला."