लाल शाईने खोडलेला व्हॉल्यूम

"सुखदेवचा फॉर्म अडवावा लागेल," प्रिन्सिपॉल म्हणाले. "केमिस्ट्रीत बत्तीस. पास व्हायला तीन कमी."

त्या काळी आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजात चाचणी परीक्षेत नापास झालेल्याचा वार्षिक परीक्षेचा फॉर्म युनिव्हर्सिटीकडे पाठवत नसत. म्हणजे वर्ष गेलं. सुखदेव मेहकरकडच्या खेड्यातला, घरातला मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिलाच. आणखी एक वर्ष शिकवायची घरच्यांची ताकद नव्हती, हे मला ठाऊक होतं.

केमिस्ट्री मी शिकवायचो, पण पेपर माझ्या नव्या सहकाऱ्याने काढला आणि तपासला होता. सुखदेवची उत्तरपत्रिका मी मागून घेतली. एका गणिताला पाचपैकी शून्य.

गणित असं. बंद भांड्यात एक वायू फुटून दोन वायू होतात, ते दोन परत जुळून पहिला होतो. दोन्हींचा वेग सारखा झाला की मिश्रण बदलेनासं होतं. त्या स्थितीचा एक ठरलेला आकडा असतो, इक्विलिब्रियम कॉन्स्टंट. तो काढताना प्रत्येक वायूचं माप आधी भांड्याच्या व्हॉल्यूमने भागायचं. इथे भांडं दोन लिटरचं. उत्तर पाव यायला हवं होतं. सुखदेवचं आलं अर्धा. भागलंच नव्हतं!

मी भडकलो. त्याला बोलावलं. "काऊन रे, व्हॉल्यूम कुठे गेला? डोकं घरी ठेवून आला होतास काय?"

त्याने मान खाली घातली आणि वही पुढे केली. "सर, तुमीच तं खोडला होता."

वहीत हायड्रोजन आणि आयोडीनचं गणित होतं. दोन वर्षं मी तेवढं एकच शिकवत होतो, सोपं म्हणून. त्यात व्हॉल्यूम वरखाली कटून जातो, न भागताही उत्तर बरोबर येतं. सुखदेवने तरी नीट भागलं होतं. त्यावर माझी लाल रेघ, शेजारी माझ्याच अक्षरात: 'व्हॉल्यूमची गरज नाही.'

वही घेऊन तसाच प्रिन्सिपॉलकडे गेलो.

"साहेब, चूक माझी आहे. पोराने माझं ऐकलं, एवढंच."

"लेखी द्याल? तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात. कागद फाइलला लागेल."

"लागू द्या."

दिलं लिहून. सहकाऱ्याने वर्गातली तशी सगळी उत्तरं पुन्हा तपासली. सुखदेवला चार मार्क मिळाले, फॉर्म गेला. माझं कन्फर्मेशन वर्षभर लांबलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही गणितं शेजारी शेजारी सोडवली आणि वर्गाला सांगितलं, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं."

सुखदेव उभा राहिला. "सर, मंग मी आधी बरोबर होतो काय?"

"हो रे बाबा. बरोबरच होतास."

"मले वाटलं, मलेच समजत नाई."

तो खाली बसला. ते वाक्य मला फाइलीतल्या कागदापेक्षा जास्त लागलं. पुढे रिटायर होईपर्यंत लाल पेन उघडण्याआधी मी पोराला विचारत आलो, "हे तू का लिहिलंस?"