अंगठ्याला खोबरेल

खोबरेलाचा वास आला की मला आर्णीतली ती बँक आठवते. आठवीत सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा मी पास झाले होते, बारावीपर्यंतची सोय होणार होती. पण खातं उघडायला मशीन माझा अंगठाच घेईना. दिवाळीपासून कापूस वेचून बोटं सोलून निघाली होती. "आता काय करावं वं माय," आई पुटपुटली. सोबत आलेल्या आमच्या शाळेतल्या मॅडमनी पर्समधून तेलाची बाटली काढली, माझा अंगठा हळूहळू चोळला, पदराला पुसला आणि पुन्हा टेकवला. हिरवा दिवा लागला. आई तिथंच फरशीवर बसली आणि म्हणाली, "उद्यापासून तू वेचाले नोको येऊ." आज मी शिकवते त्या शाळेत हजेरीचं मशीन माझा अंगठा लगेच घेतं. आईचा मात्र अजून कुठलंच मशीन घेत नाही.