सिलेंडर खाली आहे

मंगळवार, पुण्याचं आणि ग्वाल्हेरचं ऑफिस एक झाल्यानंतरचा पहिला. हजर: मी, पुण्याहून आलेली सहकारी, साहेब आणि इथल्याच, ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या एक काकू. गैरहजर: यंत्र.

फोनवर मराठीत बोलून गॅस नोंदवता येईल, असं यंत्र आम्ही करत होतो. ते तयार होण्याआधी लोक त्याच्याशी कसे बोलतील हे पाहायचं होतं, म्हणून आमच्यापैकी कोणीतरी पडद्यामागे बसून यंत्र व्हायचं. ग्वाल्हेरात हे काम मी उभं केलं. आता दोन्ही ऑफिसांना मिळून प्रमुख एकच राहणार होता आणि ती जागा मला हवी होती.

त्या दिवशी यंत्र झाली ती पुण्याची सहकारी. आवाज गोड होता. मला तोही सोसवेना.

काकू फोनमध्ये म्हणाल्या, "सिलेंडर खाली आहे."

"वर आणून द्यायला माणूस पाठवू का?" यंत्राने विचारलं.

"वर कुठे? छतावर स्वयंपाक करू का मी?" काकू कडाडल्या. "अगं बाई, खाली म्हणजे खाली! खतम! हलवून बघितला मी."

मी मनातून खूश. इथल्या मराठीत खाली म्हणजे रिकामा, हे मी झोपेतही सांगितलं असतं. साहेब आता तिला झापणार, असं वाटलं. साहेब हसून हसून डोळे पुसत होते.

"हेच हवं होतं! इतके दिवस कसं नाही सापडलं?"

ती बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही आधीच विचारता, 'सिलेंडर संपला तर काय म्हणाल?' मग सगळ्याजणी 'संपला'च म्हणतात. आज मी काकूंना नुसतं विझलेल्या शेगडीचं चित्र दिलं होतं."

बरोबर होतं. आणि तिने ते इतक्या जपून सांगितलं, की मला जास्तच झोंबलं.

काकूंना माझ्या स्कूटरवरून मीच आणलं होतं. निघताना त्यांनी हात धरला तो तिचा. "यंत्रापेक्षा तूच बरी गं. घरी ये जेवायला." मला म्हणाल्या, "चला, सोडता ना?"

प्रमुख ती झाली. साहेबांनी मला एक काम दिलं: तिला पाटणकर बाजारात न्यायचं, दिवसभर दुकानांतून इथली मराठी ऐकवायची.

ती दर सोमवारी विचारते, "ताई, या आठवड्यात जमेल?"

माझी बाकीची सगळी कामं वेळेत होतात. हे अजून झालेलं नाही.