कुर्लीसाहेबाच्या आईची गाणी

कुर्ली खावी तर आमच्या कुर्लीसाहेबाने. मी वाशिष्ठीच्या खाडीवर जन्मलेला माणूस, दात आले तेव्हापासून कुर्ल्या फोडतोय, पण साहेबासमोर बसलो की मला माझीच लाज वाटायची. नांगी दाढेखाली धरून तो एकच कट्ट आवाज काढायचा आणि आतलं मांस अख्खं बाहेर. माझ्या ताटातला चुरा बघून म्हणायचा, "इब्राहिम, तू कुर्ली खातोयस की तिची चौकशी करतोयस?"

साठचं दशक संपत आलं होतं. आखातातल्या दोह्याच्या समुद्रात तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या एका कंत्राटदाराच्या किनाऱ्यावरच्या यार्डात मी स्टोअर क्लार्क होतो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. साहेब रिगवर ड्रिलर. दोन आठवडे समुद्रात, एक आठवडा किनाऱ्यावर. त्याचं खरं नाव क्लोव्हिस, पण ते फक्त हजेरीपत्रकावर राहिलं. मेसमध्ये बाकीचे अमेरिकन सुरी-काटे घेऊन एका टोकाला बसत, आणि हा सहा फुटी गडी बाह्या सरसावून आमच्या कोकणी लोकांच्या बाकावर येऊन हाताने भात कालवायचा. पावाला शिवत नसे. मेसचा आचारी हसनमामू, दापोलीकडचा. त्यानेच कुर्लीसाहेब हे नाव ठेवलं. कोळ्यांच्या जाळ्यात आलेल्या कुर्ल्या इथले लोक परत समुद्रात फेकून देत. साहेब शुक्रवारी पहाटे बादली घेऊन किनाऱ्यावर उभा राहायचा आणि फेकण्याआधी मागून घ्यायचा. "शुक्रन, शुक्रन" करत बादली भरली की सरळ मामूच्या चुलीपाशी.

हा कुठला अमेरिकन, असा आम्हाला प्रश्नच पडला होता. एकदा मामूने विचारलंच. साहेब म्हणाला, "मी केजन आहे." मग त्याने बोटाने टेबलावर पाणी ओढून नकाशा काढला. त्याचे पूर्वज फ्रान्समधून कॅनडात गेलेले शेतकरी. दोनशे वर्षांमागे इंग्रजांनी त्यांना घरांतून काढून गलबतांत भरलं. फिरत फिरत ते लुइझियाना नावाच्या दलदलीच्या मुलखात पोचले. तिथे भात पिकवला, कोलंबी धरली, लाकूड कोरून होड्या केल्या आणि घरात आपली फ्रेंच बोलत राहिले. मामूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे कोकणीच की. फकस्त गोरा."

साहेबाची दुसरी सवय म्हणजे काम करताना गाणं. इंग्रजी नव्हे, त्याचं घरचं. पाइप मोजताना, बूट पुसताना, कुर्ल्या धुताना. पण जवळ कुणी साहेबलोक आले की गाणं बंद. मला वाटलं लाजतो. तसं नव्हतं. एकदा बोलता बोलता म्हणाला, "शाळेत पहिल्या दिवशी मी मास्तरणीला विचारलं, बाहेर जाऊ का. मला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून घरच्या बोलीत विचारलं. तिने मला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवलं." मग जरा हसून, "आणि बाहेर जायचं होतं ते राहिलंच."

मी हसलो, पण आतून हललो. मुंबईच्या कॉलेजात पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं तेव्हा माझ्या कोकणी बोलण्यावर अख्खा वर्ग हसला होता. मला कुणी गुडघ्यांवर बसवलं नाही. मीच स्वतःला बसवलं. महिन्याभरात असं शुद्ध बोलायला लागलो की सुट्टीत घरी गेल्यावर आई म्हणाली, "तू पावनो आलंस का पोस्टमन?" आमच्या गावात असं छापील बोलायचा तो पत्रं वाचून दाखवणारा पोस्टमनच.

त्या वर्षी साहेबाला बहिणीची पत्रं जास्त यायला लागली. बहिणीचं नाव ओदील. तीही इंग्रजीतच लिहायची, कारण फ्रेंच लिहायला दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या गावात केजन लोकांचं एक सांस्कृतिक घर बांधायचं चाललं होतं. जुनी गाणी, जुन्या होड्या, जुनी स्वयंपाकाची भांडी, सगळं एका छपराखाली. पण गावात मंडळं दोन. एक चर्चच्या बायकांचं, एक नाचघरात वाजवणाऱ्या पुरुषांचं. बायका म्हणत, घर हवं पण नाच नको. पुरुष म्हणत, नाच नसेल तर ते घर कसलं, कोठार. ओदील पहिल्या मंडळाची चिटणीस, आणि तिचा नवरा व्हायोलिनवाला, दुसऱ्या मंडळाचा म्होरक्या. "एकाच टेबलावर जेवतात," साहेब म्हणायचा, "आणि मीठ मागायचं तरी ठराव मांडतात."

आम्हाला यात नवल वाटलं नाही. दोह्यात आमच्या रत्नागिरीवाल्यांची एक जमात आणि कुलाबावाल्यांची दुसरी, आणि ईदचं जेवण एकत्र करायचं तर बिर्याणीत बटाटा असावा की नाही इथेच बैठक मोडायची. दोह्याच्या नजमा वस्तीतल्या आमच्या खोलीत मामू दर वेळी सभात्याग करून यायचा.

तर या दोन मंडळांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. प्रत्येक घराण्याने आपली गाणी ईस्टरच्या आधी कागदावर लिहून द्यायची. त्यांचं पुस्तक निघणार, आणि जे पुस्तकात येईल तेच त्या घरात शिकवलं जाणार. साहेबाची आई आझेली तीनच वर्षांपूर्वी वारली होती. पंचक्रोशीत तिच्याइतकी गाणी कुणाला येत नव्हती. ओदीलला चाली तेवढ्या आठवत होत्या. शब्द होते ते शेंडेफळाकडे, म्हणजे आमच्या कुर्लीसाहेबाकडे, कारण आई कोलंबी सोलायला बसली की हा तिच्या मांडीला टेकून बसायचा. ओदीलने लिहिलं होतं, "तू लिहिलं नाहीस तर मामाँ या घरात नसेल." मामाँ म्हणजे आई.

लिहिणार कसा? मॅनेजरचा टेपरेकॉर्डर आणून पाहिला. चक्रं फिरायला लागली तसा साहेबाने घसा साफ केला, दोन ओळी म्हटल्या आणि मग मशीनला स्वतःचं नाव व रिगचा नंबर सांगून गप्प बसला. मग तो यार्डात आलेल्या एका खऱ्या फ्रेंच सर्वेक्षकाकडे गेला. मी बरोबर होतो. त्या माणसाने चार ओळी ऐकल्या आणि पेन्सिल घेऊन सुधारायला सुरुवात केली. हा शब्द असा नाही, तो प्रत्यय तसा नाही. शेवटी म्हणाला, हे फ्रेंचच नाही. साहेबाने त्याच्या हातातून कागद हळूच काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. त्या दिवशी पाइप मोजताना तो गायला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला स्टोअरमध्ये बोलावलं. उन्हाळ्यात दुपारी बाराला काम खलास व्हायचं, स्टोअरला पंखा होता. म्हटलं, "तुम्ही म्हणा. मी माझ्या लिपीत लिहितो. आमची नागरी जसं कानावर येतं तसं लिहिते. आणि फ्रेंच मला येत नाही, त्यामुळे मी तुम्हाला सुधारूही शकत नाही."

"मग वाचणार कोण?"

"मी. तुम्ही सुट्टीवर जाल तोवर, किनाऱ्यावर असाल तेव्हा मी रोज वाचून दाखवीन, तुमचं पाठ पक्कं होईल. तिकडे जाऊन कुणा शिक्षकाला सांगून लिहवून घ्या."

अशा आमच्या दुपारी सुरू झाल्या. पहिलं गाणं सासरी निघालेल्या मुलीचं. बाप होडी वल्हवतोय आणि ती म्हणते, दूसमाँ, पापा, दूसमाँ. हळू, बाबा, हळू. साहेब डोळे मिटून म्हणायचा, मी लिहून परत वाचायचो. तो हात वर करायचा. "नाही. आई तिथे श्वास घ्यायची." मग मी तिथे रेघ मारायचो. मामू सुपारी कातरत बसायचा आणि ठेका आवडला की बिस्किटाच्या डब्यावर धरायचा. एक गाणं पाद्रीबाबांच्या बदकाचं होतं. त्याचा अर्थ साहेबाने सांगितला तेव्हा मामूच्या हातून अडकित्ता पडला. "हे चर्चच्या बायका घेतील का?" मी विचारलं. साहेब म्हणाला, "आईने ते चर्चच्या मागच्या अंगणातच म्हटलंय. लिही."

हिवाळ्यापर्यंत एकतीस गाणी झाली. एक वही भरली. मग मी दोन महिन्यांच्या रजेवर गावी गेलो.

परत आलो तेव्हा साहेब यार्डाच्या फाटकाशीच भेटला. चेहरा उजळलेला.

"पाठवली," म्हणाला.

"काय?"

"वही. माझी सुट्टी रद्द झाली, विहिरीत पाइप अडकलाय. ईस्टर तोंडावर आला. म्हटलं, उशीर नको."

मी बॅग खाली ठेवली. "साहेब, ती नागरीत आहे."

मग हळूहळू त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. "तू नव्हतास तेव्हा मी रोज उघडून बसायचो," तो म्हणाला. "कुठल्या पानावर कुठलं गाणं ते मला ठाऊक होतं. पान बघितलं की गाणं यायचं. मला वाटायला लागलं, मी वाचतोय."

दुसरी प्रत नव्हती. नव्याने रोमन लिपीत लिहून पाठवायचं तर टपाल ईस्टरनंतरच पोचलं असतं, आणि साहेबाला दुसऱ्या दिवशी बोटीने रिगवर जायचं होतं. त्या हप्त्यात मी स्वतःला पुष्कळ शिव्या दिल्या. बी.ए. झालेल्या माणसाला वहीच्या समोरच्या पानांवर रोमन अक्षरं टाकायला काय झालं होतं? मामू म्हणाला, "येवडं नको लावून घेवस. आपल्या लोकांचा पत्ता मिळत नाय, पन आपले लोक सगळीकडं मिळतात."

ओदीलचं पत्र आलं ते साहेब रिगच्या त्यापुढच्या फेरीवरून परतला त्याच दिवशी. त्याने ते मेसमध्ये आणलं, भात वाढून घेतला आणि भाताला हात न लावता वाचायला लागला. तिने लिहिलं होतं, वहीचं पाकीट उघडलं तेव्हा सभेत सगळ्यांना वाटलं, अरबस्तानातल्या उन्हाने क्लोव्हिसचं डोकं गेलं. मेव्हण्याने वही उलटीसुलटी करून बघितली. एक जण म्हणाला, हे अरबी. पण ओदील चिटणीस होती. तिने सांगितलं, नियम कागदाचा आहे, कागद वेळेत आलाय, आणि कुठली अक्षरं हे नियमात नाही.

जवळच्या शेतकी कॉलेजात भाताचा अभ्यास करायला नागपूरकडचा एक मुलगा आला होता. वही लिहिणारा हिंदुस्थानी आहे हे साहेबाने आधीच कळवलं होतं, म्हणून ओदीलने त्याला गाडीत घालून पुढच्या सभेला आणलं. बिचाऱ्याला फ्रेंचचा गंध नाही. उभा राहिला आणि पोथी वाचावी तसा संथ वाचायला लागला. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. 'दूसमाँ, पापा' म्हटल्यावर मागच्या बाकावरची एक म्हातारी काठी टेकत उठली आणि पुढची ओळ तिनेच म्हटली. मग दुसरीने. मग पहिली दुसरीला सुधारायला लागली. मुलगा एक ओळ वाचायचा आणि दालन चार ओळी गायचं. त्याच भरात त्याने निरागसपणे पाद्रीबाबांचं बदकही वाचून टाकलं. चर्चच्या बायकांच्या लक्षात आलं तोवर त्या दोन कडवी म्हणून बसल्या होत्या. आता मागे कसं फिरायचं? मेव्हण्याने व्हायोलिन काढलं. ओदीलने इतिवृत्तात नोंद केली: नाच मंजूर, विरोध कुणाचा नाही.

साहेबाने पत्राची घडी घातली आणि जेवायला लागला. भात थंड झाला होता. दोन घास घेऊन म्हणाला, "मामू, मीठ." मामूने मीठ दिलं आणि म्हणाला, "ठराव नको मांडूस. घे."

पुढच्या वर्षी त्याचा करार संपला. निघायच्या आदल्या सकाळी तो स्टोअरमध्ये आला. ती वही त्या नव्या घरात काचेखाली ठेवणार होते, आणि खाली लावायच्या पाटीचा मजकूर ओदीलने मागवला होता. साहेबाने कोरा कागद पुढे केला. "लिही. गाणारी, आझेली. लिहिणारा, तू."

मी झोकात लिहिलं. इब्राहिम, बी.ए., गाव, जिल्हा रत्नागिरी.

"आणि तुझ्या आईचं नाव?"

"तिचा काय संबंध? तिला अक्षरओळख नाही."

"माझ्या आईलाही नव्हती," साहेब म्हणाला. "तुझे कान कुणी केले? कॉलेजने?"

मी आईचं नाव लिहिलं. हलिमा. त्याने कागद शर्टाच्या खिशात ठेवला, माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग अरबांसारखं "यल्ला", चला, म्हणून गेला. नंतर एकदा त्याचं पत्र आलं, आता घरीच नांगर टाकलाय आणि नातवंडं आहेत म्हणून. मग पत्रं थांबली.

साहेब गेल्यानंतरच्या पहिल्याच रजेत मी हे सगळं आईला सांगितलं. ती पडवीत मासे साफ करत बसली होती. अमेरिकेत एका घरात तुझं नाव लावलंय, काचेखाली, म्हटलं. मला वाटलं, तिला आनंद होईल. तिने विळी थांबवली नाही.

"त्या बायेच्या सुना म्हंतात का रे आता ती गानी?" तिने विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. आईने हात पाण्यात बुडवून धुतले, पदराला पुसले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून माझ्या बायकोला हाक मारली. "मुमताज, चूल राहूं दे. हयां ये. हळदीची गानी तुना येतात का, बोलून दाखव बगू."