मीठ जास्त झालंय

रस्त्याकडेला रेतीचा ढीग दिसला की मास्तर सायकल थांबवायचे, चिमूटभर रेती उचलायचे आणि सरळ जिभेवर ठेवायचे. डोळे मिटून चघळायचे. मग रुमालात थुंकून म्हणायचे, "मीठ जास्त झालंय."

अगदी आमटी चाखल्यासारखं हो. मी नागावात पर्यटकांना जेवू घालते, आमट्या चाखण्यात माझा जन्म गेला, पण इतक्या गंभीर चेहऱ्याने मीही कधी चाखली नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. एसटीत कंडक्टर होते, आणि कंडक्टरला आपल्याकडे मास्तरच म्हणतात. रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, नाहीतर नारळ-सुपारीत रमतात. यांनी रेती धरली. "ताई, खाडीची रेती खारी. न धुता वापरली की आतल्या सळईला गंज चढतो. गंज फुगतो, आणि फुगला की स्लॅब फोडून बाहेर येतो." हे ते कुणालाही सांगायचे. बाजारात, केस कापताना, मयताला गेले तर तिथेही. तिथे फक्त आवाज जरा खाली.

गणपतीत घरोघर आरतीला यायचे. आरती संपली की सगळ्यांचे हात पुढे होतात, तुम्हाला माहीतच आहे. नेमकं तेव्हाच मास्तर प्रसादाचं ताट उचलून छातीशी धरायचे. "आधी दोन शब्द स्लॅबबद्दल." पोरं मोदकांवर डोळे लावून सळया, गंज, पाणी मारणं, सगळं ऐकून घ्यायची. आमच्या आळीतल्या पोरांना पाढे येत नसतील, पण ओल्या स्लॅबला पाणी कसं साठवून ठेवायचं ते कधीही विचारा.

एकदा एकाच्या वास्तुशांतीला पंगत बसली होती. घरमालकाने कौतुकाने विचारलं, "कसं वाटलं, मास्तर?" मास्तर भिंतीला बोट लावून ते चाटत म्हणाले, "मीठ जास्त झालंय." वाढपी जागच्या जागी थांबला. आतून आचारी झारा घेऊन बाहेर आला.

"कशात जास्त?"

"भिंतीत."

आचाऱ्याचा जीव भांड्यात पडला. घरमालकाचा कुठे पडला, ते मी बघितलं नाही.

मास्तरीणबाई तर वैतागलेल्या असायच्या. "डॉक्टरने यांचं मीठ बंद केलं ना, तेव्हापासून रेती चाटतात. यांचं प्रेशर वाढलं की मी समजते, कुठेतरी नवीन बांधकाम निघालं."

आणि चुकायचेही बरं का. एका ढिगाला त्यांनी असं काही नाक मुरडलं की मालक घाबरून रेती परत करायला निघाला. मग कळलं, सकाळपासून तिथे बकऱ्या बसून होत्या. त्या दिवशी रुमाल पुरला नाही.

हे सगळं मी हसून सांगत असे, माझ्या दारात रेती पडेपर्यंत.

वर दोन खोल्या काढायच्या आणि मे महिन्यात पर्यटकांना द्यायच्या, असं मी ठरवलं. काम धाकट्या दिराकडे. डंपर रेती टाकून गेला आणि पाठोपाठ सायकलची घंटी वाजली. मास्तरांनी चाखली. पुन्हा चाखली.

"ताई, ही लोणच्याला घाला."

दीर भडकला. "वहिनी, याला काय कळतंय? तिकिटं फाडायचा हा."

"तिकिटं फाडली म्हणूनच सांगतो, चुकीच्या गाडीत बसलायत," मास्तर म्हणाले, आणि छत्री उघडून ढिगावर बसले.

"मास्तर, स्टॉप आला, उतरा," दीर म्हणाला.

"मला डेपोत जायचंय."

गल्ली जमली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेती परत पाठवली तर हंगाम जाणार आणि घरचा माणूस रुसणार. म्हटलं, "मास्तर, उठा हो. लोक हसतायत."

"हसू देत. तुम्ही आमच्याकडे चहाला चला. मग तुम्ही म्हणाल तसं."

गेले. मास्तरीणबाईंनी खुर्ची दिली, चहा दिला आणि एक छत्री उघडून माझ्या हातात दिली. पाहुण्यांची वेगळी होती, फुलाफुलांची. मास्तरांनी आपली काळी उघडली. भर दुपारी, घरात, छत्र्या धरून आम्ही तिघं चहा पीत बसलो. मी हसू दाबण्यासाठी बिस्किट तोंडात कोंबलं.

"हौसेने बांधलं हे घर," मास्तर म्हणाले. "रेती मीच निवडली. पांढरीशुभ्र, बारीक. तेव्हा चाखली नाही."

वर बघितलं तर स्लॅबच्या सळया बरगड्यांसारख्या उघड्या पडलेल्या.

"पहिला तुकडा आमटीत पडला. मला वाटलं, बटाटा."

"चावलेसुद्धा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात माझ्या छत्रीवर टप्पकन काहीतरी पडलं आणि घरंगळत पायाशी आलं. माझं हसू गेलं. माझ्याकडे लोक लहान पोरं घेऊन उतरतात. पोरं गादीवर आडवीतिडवी झोपलेली असतात. त्यांच्या हातात छत्री कोण देणार?

घरी येऊन दिराला म्हटलं, "भाऊजी, रेती परत न्या." तो बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. मे महिना हातचा गेला. खोल्या दिवाळीला उघडल्या, दगड दळून काढलेल्या क्रशरच्या रेतीने. ती रेती मास्तरांनी चाखली आणि म्हणाले, "अळणी. एकदम अळणी." याहून मोठी शाबासकी त्या तोंडातून कुणाला मिळालेली नाही.

पुढच्या पावसाआधी मी हट्टाने दोघांना वरच्या खोलीत आणलं आणि त्यांचं घर पाडायला लावलं. पाडतानाही मास्तर उन्हात उभे. "जोत्याचे चिरे फोडू नका रे. धुऊन रचून ठेवा. नव्या घराला तेच लावायचेत."

वरच्या खोलीत पहिल्यांदा जेवायला बसले आणि सवयीने छत्री उघडली.

"मास्तर, हा माझ्या स्लॅबचा अपमान आहे."

त्यांनी बराच वेळ वर बघितलं. मग छत्री मिटून खुंटीला लावली. पहिला घास घेताना मान कासवासारखी आत ओढून घेतली होती. दुसऱ्या घासाला जरा बाहेर आली. जेवण संपेपर्यंत सरळ झाली.

"ताई, आमटी..."

"तुमच्या वाटीत मीठ नाहीये."

"तेच म्हणतो. छान झालीय."

नवरात्राच्या सुमारास, त्याच खोलीत, मास्तर झोपेत गेले.

आता त्यांच्या जागेवर मास्तरीणबाईंचं नवीन घर उठतंय, जुन्याच चिऱ्यांवर. काम माझ्या दिराकडे आहे. परवा रेती आली तेव्हा मी चिमूट उचलायला वाकले, तर तो जरा ओशाळून म्हणाला, "वहिनी, राहू दे. मी चाखलीय."

छत्री अजून वरच्या खोलीत खुंटीला आहे. पर्यटक आल्या आल्या विचारतात, "आजी, इथे गळतं का?"

"नाही हो."

"मग छत्री कशाला?"

"एका पाहुण्यांची आहे," मी सांगते. "त्यांना इथे लागली नाही, म्हणून राहिली."