"गॅपमध्ये काय करत होतात?"

सरकारी कागद एकटा कधीच येत नाही. एक दाखला काढायला जा, तो दुसरा मागतो, दुसरा तिसऱ्याकडे पाठवतो आणि प्रत्येक खिडकीवर एकेक किस्सा फुकट मिळतो. माझी फी-सवलतीची फाइल आता इतकी जाड झालीये की तिला रबरबँड पुरत नाही, नाडी बांधावी लागते. किस्से तर त्याहून जास्त!

आधी हकीकत. मी नेहा, कोपर गावची. बारावीनंतर सैनिकी अकॅडमीत कॅडेट म्हणून गेलेले. दीड वर्ष झालं आणि धावताना खुब्याच्या हाडाला बारीक चीर पडली. ती भरली, परत पडली. मेडिकल बोर्डाने "अनफिट" लिहिलं आणि मी ट्रंक घेऊन घरी आले. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. कॉलेजची फी त्यांच्या आवाक्याबाहेर होती. सवलत मिळाली तर कॉलेज, नाहीतर वर्षभर घरी. आणि घरी राहून माझं काय होत होतं, ते पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं!

*

पहाटे पाचला डोळे टक्क उघडायचे. करायला काहीच नाही. मग मी कपाट लावायचे. चपला ओळीत लावायचे. आईचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले, तर बिचारीला आठवडाभर हळद सापडेना.

एके दिवशी सगळ्यांची पांघरुणं काढली, कोपऱ्याला कोपरा जुळवून कडक घड्या घालायला लागले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं नेहा, थांब!"

"का?"

"त्यात बाबा आहेत अजून!"

*

कॉलेजच्या ऑफिसात सावंत मॅडम. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बारावीनंतर दीड-दोन वर्षं गॅप दिसतोय. गॅपमध्ये काय करत होतात?"

"अकॅडमीत होते, मॅडम." पत्र पुढे केलं.

त्यांनी ते उलटसुलट बघितलं. "हे ठीक आहे. पण सवलतीच्या फॉर्मला गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं."

म्हणून कल्याणला गेले. तहसील कचेरीबाहेर टायपिंगचं टेबल टाकून बसलेल्या काकांना सांगितलं. त्यांचा मजकूर तयारच होता. त्यांनी फक्त माझं नाव घातलं आणि कागद पुढे सरकवला. "सदर कालावधीत मी घरीच होते व कोठेही काहीही करत नव्हते."

मी म्हटलं, "काका, हे खोटं आहे. मी चाळीस-चाळीस किलोमीटर चाललेय त्या कालावधीत! पाठीवर वजन घेऊन!"

"बरोबर आहे हो. पण घरी होते लिहिलं की एका दिवसात पास होतं. चालत होते लिहिलं की विचारतील, कुठे? कशाला? पुरावा?"

"मी सही नाही करणार."

काकांनी पेन माझ्या हातात कोंबलं. "मिलिटरीतून आलात ना? मग ही ऑर्डर समजा!"

शेवटी ते वाक्य खोडून "अकॅडमीत होते" असं पुन्हा टाइप करून घेतलं. त्यांनी दुसऱ्या कागदाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "एवढं भांडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं."

*

आमच्या बिल्डिंगची जमीन ज्यांची होती ते म्हात्रे काका तळमजल्यावरच राहतात. मी रोज जिन्यावरून खाली-वर, खाली-वर करते हे त्यांना बघवेना. एकदा त्यांनी हाक मारली.

"पोरी, शीळफाट्याला आपला गोडाऊन हाय. त्या सिक्युरिटीवर तू साहेब हो. कशाला त्या फॉर्मच्या मागं फिरतंस?"

मी म्हटलं, "काका, मला शिकायचंय."

त्यांना वाटलं मी भाव खातेय. त्यांनी ऑफर वाढवली.

"अगो, टोपी पन देतो!"

मी हसले. वर येऊन बाथरूमचं दार लावलं आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

*

मग ऑनलाइन फॉर्म. घरचं नेट सारखं जायचं, म्हणून स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. कॅफेवाले दादा एकदम एक्स्पर्ट! चहाचा कप एका हातात, माउस दुसऱ्या हातात. एका रकान्यात शिक्षण थांबल्याचं कारण निवडायचं होतं. आर्थिक अडचण, आजारपण, विवाह, इतर.

मी म्हटलं, "इतर."

"इतर नको. इतरवाले फॉर्म लटकतात. मी करतो बरोबर." खटाखट क्लिक केलं, सबमिट. मला वाटलं, आजारपण टाकलं असेल. निदान अर्धं खरं तरी!

रोज दहा वेळा स्टेटस बघायचे. जेवताना बघायचे, रिक्षात बघायचे. तिसऱ्या आठवड्यात फॉर्म परत आला. त्रुटी फक्त एकच होती:

"पतीच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा."

*

हा किस्सा हसत सांगता येत नाही, पण सांगते. पतीचा नव्हता, म्हणून बाबांच्या उत्पन्नाचा दाखला काढायला ते हाफ-डे टाकून आले. टेबलापलीकडच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "मुलगी काय करते?"

बाबा पटकन म्हणाले, "मिलिटरीत आहे."

"मग ऑफिसरच्या वडिलांना कशाला हवी सवलत?"

मी पुढे होऊन म्हटलं, "होते. आता नाही." दाखला मिळाला. बाहेर रिक्षा शोधताना मी चिडलेच. "बाबा, होती म्हणायचं ना!"

बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "म्हणणार होतो गं. तू बाजूला उभी होतीस."

*

सवलत मिळाली की नाही, हे सांगून टाकते. सरकारी फॉर्म अजून फिरतोय. पण ठाण्यातल्या एका ट्रस्टने पूर्ण फी भरली आणि मी आता कॉलेजला जाते. त्यांच्या इंटरव्ह्यूचा किस्सा असा.

बाहेर बाकड्यावर तासभर बसले आणि नाव पुकारल्यावर खुबा अडकला. कशीबशी उठून आत गेले. टेबलामागे दोन सर आणि मधोमध पंचाहत्तरीच्या एक मॅडम, निवृत्त मुख्याध्यापिका.

"बस गं."

"मॅडम, उभी राहिले तर चालेल? आत्ता बसले तर परत उठता येणार नाही."

उजवीकडच्या सरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे अजून बऱ्या नाही आहात. मग लेक्चरला कशा बसणार?"

"अडकलं तर मागे भिंतीशी उभी राहीन, सर."

"आणि तीन वर्षं हे जमेल?"

"जमेल, सर." आवाज मोठा निघाला. खिडकीतलं कबुतर उडालं!

मग मॅडमनी टेबलावर दोन्ही हात रोवले आणि हळूहळू उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे कडकन वाजलेले मला ऐकू आले. "हं, आता सांग. काय शिकायचंय तुला?"

दोन्ही सरांनी एकमेकांकडे बघितलं. आधी एक उठले, मग दुसरे. पुढची वीस मिनिटं आम्ही चौघं तसेच समोरासमोर उभे राहून बोललो.

मध्येच शिपाईकाका चहा घेऊन आत आले. सगळे उभे बघून दारातच थबकले. ट्रे खुर्चीवर ठेवला, डोक्यावरची टोपी काढली, मान खाली घातली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मॅडम म्हणाल्या, "कोणी गेलं नाही हो. ही आलीय."