भाऊने बंदी घातलेला शब्द

भाऊ गेल्याची बातमी मला घरच्या कुणी दिली नाही, ती दिली विनयबाबूंनी. मी पांढुर्ण्याच्या भाजीबाजारात मेथीची जुडी निवडत होते आणि फोन वाजला. "ताईजी, घबराइए मत..." असं कुणी म्हटलं की घाबरायचंच असतं, एवढं माझ्या वयात कळतं. "प्रल्हादजी नहीं रहे." खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, हा माणूस मला कशाला फोन करून राहिला? ज्याने माझ्या भावाला कामावरून काढलं, त्याच्या तोंडून मी भाऊच्या मरणाची बातमी ऐकायची? वहिनी कुठे आहे, भाचा कुठे आहे, आणि हा तिथे कसा? शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. रडू आलं ते भाऊच्या गावच्या, सौसरच्या बसमध्ये बसल्यावर, आणि मग ते काही थांबेना.

माझा थोरला भाऊ प्रल्हाद फौजेतून हवालदार होऊन परतला आणि बोरगावजवळच्या एका खाजगी शस्त्र प्रशिक्षण केंद्रात उस्ताद म्हणून लागला. बँकेच्या दारात, एटीएमच्या गाडीवर बंदूक घेऊन जे गार्ड उभे असतात, त्यांना ती बंदूक धरायची कशी हे तिथे शिकवायचे. या कामाला भाऊइतका लायक माणूस शोधून सापडला नसता, कारण तो जन्माचा संशयी. दूधवाला दारात असतानाच बोट बुडवून पाहायचा. गॅसची टाकी वाजवायचा. भटजींनी मुहूर्त सांगितला की भटजींचं घड्याळ आपल्या घड्याळाशी लावून बघायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा हा संत्र्याचा व्यापारी बनून मोहगावला गेला, मुलाच्या बगीच्यात बसून फुकट संत्री खाल्ली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना खोदून खोदून विचारलं आणि संध्याकाळी आईला येऊन म्हणाला, "पोरगा बरा हाय. पन त्याचा काका लय गोड बोलते. कुंदीले सांग, लक्ष ठेव म्हना." आम्ही हसलो. पुढे त्याच काकांनी आमच्या बगीच्याची वाट अडवली तेव्हा भाऊ मोठ्या तोऱ्यात येऊन बसला होता आमच्या ओट्यावर, आणि मला चहा करावा लागला होता, साखर जास्त घालून.

केंद्रावर त्याचा हा स्वभाव शोभून दिसायचा. एक बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात गेली की भाऊ मध्ये उभा. उघड, दाखव. नुसतं पाहून भागायचं नाही, काडतुसाच्या घरात बोट घालून चाचपायचा. गार्ड लोक मागून त्याला 'बोटवाले उस्ताद' म्हणत, हे त्यालाही ठाऊक होतं, आणि त्याला ते आवडायचं.

...आणि अशा माणसाच्या हातून ते झालं. फौजेतले हुकूम हिंदीत, तेच त्याने इथेही चालवले. 'भर' म्हटलं की काडतूस घालायचं, 'खाली कर' म्हटलं की काढायचं. त्या दिवशी रांगेत एक लोधीखेड्याचा माणूस होता, चांगला चाळिशीचा, बायकोपोरं असलेला. भाऊने रांगेवरून जाताजाता विचारलं, "खाली?" त्याने सांगितलं, "खाली, उस्ताद!" त्याने बंदुकीची नळी जमिनीकडे केली होती, आणि आपल्या मराठीत तो अगदी बरोबर बोलला. भाऊने हिंदीत विचारलं होतं, रिकामी का? त्यालाही बरोबर उत्तर मिळालं. ज्याने जन्मात दुधावर विश्वास ठेवला नाही, त्याने त्या एका शब्दावर ठेवला आणि पुढे सरकला. पुढच्या हुकुमाला त्या माणसाने घोडा दाबला, बार उडाला आणि छर्रे शेजारच्या गार्डाच्या पावलात गेले. जीव वाचला त्याचा, पण तो आज लंगडतच चालतो.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ पांढुर्ण्याला माझ्याकडे आला. मी स्वयंपाक करत होते, तो पाटावर बसला. जेवतो का म्हटलं तर नाही म्हणाला. मग एकदम म्हणाला, "कुंदे, तू मराठीची मास्तरीण. सांग मले, खाली म्हंजे काय?" मी म्हटलं, खाली म्हणजे खाली, वर नाही ते. "मंग डब्बा खाली झाला म्हनतो आपन, त्याचं काय? घर खाली कर म्हनतो. बस खाली आली म्हनतो..." मला हसू आलं आणि त्याचा चेहरा पाहून ते घशातच राहिलं. "आपली आजी वर नाई त्याले खालतं म्हने. तुम्ही मास्तर लोकांनी ते पुसून टाकलं," असा मलाच टोमणा मारून झाला. मग म्हणाला, "तो खोटं नाई बोलला, कुंदे. म्या चुकीचं नाई ऐकलं. मंग त्या मानसाचा पाय कोनाच्या चुकीनं गेला, सांग ना!" शाळेत आम्ही मुलांना एका शब्दाचे दोन अर्थ लिहायला लावतो, दोन्ही बरोबर आले की दोन्हींचे गुण देतो.

तेव्हापासून भाऊने तो शब्द घरातून हद्दपार केला. डबा रिकामा, बस रिकामी, आणि वर नाही ते 'भुईकडं'. वहिनीची जीभ वळेना, तिला दिवसातून कितीदा बोलणी बसायची. नात गच्चीवरून ओरडायची, "आबा, मी भुईकडं येऊ का?" आणि सगळी गल्ली हसायची. भाऊ हसत नसे.

केंद्र मात्र रखडलं. बंद पडलं, चौकशा झाल्या, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद पडलं. जुने मालक म्हातारे, ते कंटाळले आणि विकून मोकळे झाले. घेतलं छिंदवाड्याच्या विनयबाबूंनी. धंदा रस्त्याच्या ठेकेदारीचा. बंदुकीशी या गृहस्थांचा संबंध काय, ते देव जाणे! आल्या आल्या भिंतींना पांढरा रंग, फाटकाला निळा, आणि भाऊला नारळ. वर चारचौघांत सांगत फिरले की पुरानी गलती निकाल दी. माझ्या भावाला गलती म्हणाले ते! मी भाऊला म्हटलं, बघ तू, जागा हमरस्त्यावर आहे, हा माणूस चार दिवस बंदुकीचं नाटक करेल आणि मग लग्नाचं लॉन काढेल. भाऊने मान हलवली. "लॉन काढलं तर लय बरं होईन. गोळी तरी नाई चालनार. पन त्यानं काडतुसं आनली, कुंदे, अन् पाटी नाई आनली."

ही पाटी म्हणजे भाऊचं एकच मागणं. केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं की 'खाली' हा शब्द इथे कुणीही बोलू नये, 'रिकामी' म्हणावं. बस. नोकरी परत नको, मान नको. आपल्याकडे बोलणारे असेच, अर्धं हिंदी अर्धं मराठी, तेव्हा पुन्हा तसं होणारच, आज नाही तर उद्या, आणि पुढच्या वेळी पाय असेल की छाती हे कुणी सांगावं. एवढ्यासाठी तो रोज सौसरहून बोरगावला जायचा आणि केंद्रासमोरच्या शेवंताबाईच्या टपरीवर बसायचा. कोण आत गेलं, पेट्या कसल्या उतरल्या, नवा उस्ताद कोण, सगळ्यावर नजर. विनयबाबू गाडीतून उतरले की हा उठून उभा. ते हात जोडत, "लगा देंगे प्रल्हादजी, लगा देंगे." लोक म्हणायला लागले की हवालदाराचं डोकं फिरलं. मीही एकदा म्हटलं, भाऊ, आता सोड. "सोडतो ना," म्हणाला, "पाटी लागू दे."

तो गेला तोही तिथेच. शेवंताबाईला मी दोनदा विचारलं, एकदा अंत्यविधीच्या दिवशी आणि एकदा नंतर, अचानक जाऊन. दोन्ही वेळचं सांगणं जुळतं का ते पाहायचं होतं मला. आम्ही दोघं बहीणभाऊ एकाच मातीचे! जुळलं. त्या सकाळी नव्या गार्डांची पहिली तुकडी आत गेली, भाऊने चहा अर्धा टाकला आणि रस्ता ओलांडून फाटकाशी गेला. विनयबाबू स्वतः बाहेर आले.

"भांडण झालं का दोघाईचं?" मी विचारलं.

"नाई वो बाई. भाऊ म्हने, पाटी कवा? सेठ म्हने, उद्याच लावतो. मंग भाऊ हासले, छातीवर हात ठेवला... अन् तिथंच बसले."

विनयबाबूंनी त्याला आपल्या गाडीत घालून सौसरच्या दवाखान्यात नेलं, भाऊचं डोकं स्वतःच्या मांडीवर होतं म्हणतात. त्याचाच फोन त्यांनी उघडला, त्यात वरच माझं नाव होतं, म्हणून मला आधी कळवलं. सगळं पटण्यासारखं आहे. तरी भाऊ का हसला, हे मला कळत नाही. त्याला खरं वाटलं म्हणून हसला, की वाटलं नाही म्हणून? विश्वास बसून गेला असेल तर बरं, असं वहिनी म्हणते. मला तसं वाटत नाही. मला त्याच्या त्या हसण्याचा फार त्रास होतो.

तेरवीला विनयबाबू आले, डोळे ओले करून. माणसाचे डोळे खरेच ओले असू शकतात, मी नाही म्हणत नाही. त्यांना भाऊचा फोटो हवा होता, केंद्राच्या हॉलला त्याचं नाव द्यायचं होतं. वहिनीला भरून आलं, तिने भिंतीवरचा फौजी वर्दीतला फोटो काढूनच दिला. मी मध्ये पडले. "फोटो मागाहून लावा, आधी पाटी लावा." ते लगेच म्हणाले, "ताईजी, दोन्ही एकाच दिवशी. वचन देतो." इतक्या चटकन? महिनोन् महिने भाऊला टोलवणारा माणूस मला एका वाक्यात हो म्हणाला. मेलेल्याच्या नावाने जुनी बदनामी धुवून निघते, फुकटात, हे व्यापाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, असं मी वहिनीच्या कानात बोलले, आणि ती माझ्यावरच चिडली.

उद्घाटनाला गेले मी. मांडव, पेढे, गावातले चार पुढारी. भाऊचा फोटो हॉलच्या मधल्या भिंतीवर, ताज्या झेंडूचा हार घालून. आणि त्याच्या वर, अर्धी भिंत व्यापून, लाल रंगात, सुबक अक्षरांत पाटी...

'प्रल्हाद उस्तादांची शिकवण : बंदूक नेहमी खाली ठेवा.'

मी पुन्हा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लोक टाळ्या वाजवत होते. पुढे नवे गार्ड बसले होते, त्यातल्या दोघांना मी उभं केलं, शाळेत करते तसं. पहिल्याला म्हटलं, बाबा, या पाटीचा अर्थ सांग. तो म्हणाला, "नळी जमिनीकडं ठेवाची, म्याडम." दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "काडतूस काढून ठेवाचं." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विनयबाबू हसत पुढे आले. "वा! ताईजी, दोन्ही तर बरोबर आहे. दोन्ही अच्छी बात है ना?"

"त्या दिवशीही दोन्ही बरोबरच होतं, विनयबाबू," मी म्हटलं. ते थोडा वेळ तसेच हसत उभे राहिले, मग हसणं गेलं. त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की कळलं नाही असं इतके महिने ते दाखवत होते, हे मी त्यांच्या तोंडाकडे पाहूनही सांगू शकले नाही. मी स्टुलावर चढले, हार काढून टेबलावर ठेवला आणि भाऊचा फोटो काखेत मारून बाहेर पडले. त्या अक्षरांच्या खाली... त्या अक्षरांपाशी मी त्याला एक क्षण ठेवणार नव्हते.

फोटो आता माझ्याकडे आहे, पांढुर्ण्याला, स्वयंपाकघरातल्या फडताळावर. वहिनी रुसली आहे, नात्यातले म्हणतात कुंदाने तमाशा केला. येताजाता मी त्या वर्दीतल्या माणसाशी बोलते, भांडते, कधी पदराने काच पुसता पुसता रडते. आज सकाळी विनयबाबूंचा फोन आला. "ताईजी, पाटी बदलली. जशी प्रल्हादजींनी सांगितली होती, बिलकुल तशी. फोटो पाठवून द्या, उद्यापासून फायरिंग सुरू करून राहिलो." पाटीचं चित्र मोबाईलवर पाठवतो म्हणाले. नको म्हटलं.

उद्या पहिल्या बसने बोरगावला जाते आहे, पाटी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला. गोळी चालायच्या आत पोचायला हवं. फोटो घरीच ठेवून जाईन.